नवाब जेवत नाही

शिवकन्याच्या खानावळीत ताटात काही टाकून उठायची कुणाची छाती नव्हती. लातुरात क्लासवाल्यांच्या भागात तिची मेस होती, तेवीस वर्षांची, दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी हिरवी पाटी. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली चाळीसेक पोरंपोरी दोन्ही वेळा तिथं जेवत. कुणी अर्धी पोळी ठेवून उठायला लागलं की शिवकन्या झारा हातात घेऊनच समोर यायची. “बस खाली. पोटात गेल्याबिगर डोक्यात काय जाणार हाय?” पोरगं मुकाट्यानं बसायचं. आग्रहात तिचा हात धरील असं माणूस त्या गल्लीत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

अशा बाईच्या घरात पाच आठवडे झाले, एक जण जेवत नव्हता. त्याचं नाव नवाब. तो मागच्या खोलीत काचेच्या पेटीत राहायचा आणि तो साप होता.

आपल्याकडचा साप घरात पाळणं गुन्हा आहे. हा परदेशातल्या जातीचा, बॉल पायथन. चार फूट लांब, मनगटाएवढा जाड, गडद तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे डाग. विष नाही, फणा नाही, घाई तर कशाचीच नाही. शिवकन्याचा नवरा ग्यानोबा एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. तिथले सर लेकाकडं परदेशी निघाले तेव्हा त्यांनी पेटीसकट नवाब त्याच्या हवाली केला. सरकारी नोंदीचा कागदही नावावर करून दिला. ग्यानोबानं त्या कागदाला चौकट करून देवघराच्या शेजारी टांगला. “माझ्या गळ्यात माळ हाय, आन् तुम्ही घरात उंदीर खाणारा आणला,” म्हणून शिवकन्या आठ दिवस बोलली नव्हती. नवव्या दिवशी दोघांत तह झाला. नवाबाची खोली वेगळी, फ्रीज वेगळा, चिमटा वेगळा. त्या छोट्या फ्रीजमध्ये पुण्याहून बर्फातून आलेले मेलेले पांढरे उंदीर असायचे. त्याला कुलूप होतं आणि पोरांना वाटायचं, काकूंनी आत आमरस लपवलाय.

मे महिन्याच्या शेवटी ग्यानोबा पाण्याच्या टाकीवर चढला आणि शिडीवरून घसरला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. लेक आरती नांदेडला शाळेत शिक्षिका होती, म्हणून ऑपरेशन तिकडंच केलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने प्रवास नाही. शिवकन्या आठ दिवस राहिली आणि जूनची नवी बॅच आली म्हणून जीव तिथं ठेवून लातूरला परतली. निघताना ग्यानोबानं पडल्यापडल्या आरतीकडून एक कागद लिहून घेतला होता. दर आठवड्याला एक उंदीर. आदल्या दिवशी बर्फाच्या कप्प्यातून काढून खाली ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, ऊब आली की चिमट्यानं द्यायचा. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. जिवंत उंदीर कधीही सोडायचा नाही.

कोमट पाणी, न्हाणीघर आणि मेलेला जीव. शिवकन्याला यातून जे समजायचं तेच समजलं. आपल्यात मेलेल्याला आंघोळ घातल्याशिवाय पुढं पाठवत नाहीत. शिवाय तिच्या हातून न धुतलेली मेथीची काडीसुद्धा कधी पातेल्यात गेली नव्हती. पिशवी तिनं बाजूला ठेवली. तोंडाला पदर बांधून, चंदनाचा साबण लावून तिनं उंदीर दोनदा घासला, स्वच्छ विसळला, ग्यानोबाच्या जुन्या धोतराच्या फडक्यात कोरडा केला. पांढराशुभ्र झाला. मनात ‘पांडुरंगा, माफ कर’ म्हणत तिनं चिमटा पेटीत घातला.

नवाब अर्ध्या फुटक्या माठाखालून बाहेर आला. जीभ लवलवत राहिली. उंदराच्या वीतभर जवळ येऊन तो थांबला, दोन वेळा जीभ फिरवली आणि आल्या वाटेनं माठाखाली निघून गेला.

“घे की रे,” शिवकन्या म्हणाली. तिनं चिमटा हलवला, माठाच्या तोंडाशी नेला, नाकाला लावला. “घे. नवीन हाय का मी तुला? घे, एवढा एक.” रुसलेल्या जावयाला इतके सायास कुणी केले नसतील. नवाबानं वेटोळं करून डोकं आत घेतलं आणि विषय संपवला.

त्या दिवशी तिनं फोनवर खरं ते सांगितलं. न्हाई खाल्लं त्यानं.

ग्यानोबा म्हणाला, “त्याला कळलं असंल. मी काय आता उठून येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आरतीचा फोन आला तो रडतच. पप्पांनी भिंतीकडं तोंड केलंय, वॉकरला हात लावत नाहीत, कालपासून दोन घास खाल्ले नाहीत. चाळीस जणांना जेवू घालणारी ती, आणि तिची दोन माणसं दोन जिल्ह्यांत उपाशी होती. नवाबाला आपण माणसांत धरलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात ग्यानोबानं विचारलं तेव्हा ती एका दमात खोटं बोलली. उंदीर तर कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरून ती नुकतीच हातपाय धुऊन आली होती.

“हाव, खाल्लं की.”

“खाल्लं? कसं खाल्लं?”

आता आली का पंचाईत. खाताना तिनं त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ग्यानोबा खोलीत शिरला की ती दार लावून घ्यायची. “कसं म्हंजे? शेपटी धरली आन् दोन मिनिटात गटकलं. लई भूक लागली व्हती बघा त्याला.”

“बरं,” ग्यानोबा म्हणाला. “बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी आरतीचा फोन आला. पप्पा दहा पावलं चालले होते.

मग काय, खोट्याचीच गोडी लागली. तिसऱ्या आठवड्यात नवाबानं फोनवर उंदीर खाल्ला आणि नांदेडात ग्यानोबा वीस पावलं चालला. चौथ्या आठवड्यात खाल्ला, पाचव्यातही खाल्ला. ग्यानोबा दाराबाहेरच्या पारिजातकापर्यंत जाऊन आला. आणि इकडं कढीपत्त्याखाली एकामागून एक पाच उंदीर गेले. फ्रीजमध्ये एकच उरला. पुण्याची नवी पेटी पावसामुळं अडकली होती, पंधरा दिवस तरी येत नव्हती. पंधरवड्यानं ग्यानोबाही यायचा होता. आल्याआल्या तो नवाबाला काट्यावर ठेवणार आणि वहीत वजन लिहिणार, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. शिवकन्यानं एकदा धीर करून, कापडाच्या पिशवीत घालून त्याचं वजन केलं होतं. सव्वाशे ग्रॅमनं उतरला होता. तो मेला तर ग्यानोबा परत भिंतीकडं तोंड करील, आणि या खेपेला त्याला उठवायला तिच्याकडं खोटंसुद्धा शिल्लक नसेल. या विचारानं तिला घास गिळवेना.

दुपारची पंगत उठली की ती पेटीपुढं पाट टाकून बसू लागली. आधी नुसती काळजीनं बसायची. मग बघायचीच गोडी लागली. पापण्या नसलेले ते डोळे कधी मिटत नव्हते. पाणी प्यायचा तर हनुवटी टेकवून, आवाज न करता. अंगावरून हात फिरवावा इतकी कातडी तुकतुकीत, आणि एका दुपारी तिनं झाकण सरकवून खरंच हात फिरवला. गार असेल वाटलं होतं, तर पेटीखालच्या दिव्यानं कोमट लागला. पाठीवर मध्येच एक बोटभर वण होता. सरांनी फार पूर्वी एकदा जिवंत उंदीर सोडला होता, त्यानं घेतलेल्या चाव्याचा. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापालाही फाडतो, हे ग्यानोबा नेहमी सांगायचा, पण शिवकन्याला ते आज बोटाला लागलं. आणि एवढं होऊन, पाच आठवडे पोटात काही नसून, या जिवानं एकदा आदळआपट केली नव्हती. तिची पोरं वरणात मीठ कमी पडलं तरी वाट्या वाजवायची. हे जनावर खानदानी आहे, असं तिनं मनाशी कबूल केलं. ग्यानोबानं नाव बरोबर ठेवलं होतं.

दूध ठेवून बघावं असं दोनदा मनात आलं. पण सापाला दूध चालत नाही हे एकतीस वर्षं ऐकून तिचे कान किटले होते, म्हणून धजली नाही. भांडी घासणारी पारूबाई म्हणाली, “ताई, जित्ता सोडा की एखादा. आपल्या कोठीत काय कमी हाईत?” शिवकन्यानं तिला पाठीवरचा वण दाखवला आणि म्हणाली, “पुन्यांदा हे नाव काढू नगंस.”

सहाव्या आठवड्यात बुधवारी दुपारी पंगत बसलेली. हिमायतनगरची पुनम, कधी तोंडातून शब्द न काढणारी पोरगी, तिनं वरणाची वाटी हळूच पुढं सरकवली. “काकू, रागावू नका. वरणाला साबणाचा वास येऊन राहिलाय.”

ताट परत! तेही पुनमकडून! शिवकन्यानं वाटी नाकाला लावली. पोरगी खरं बोलत होती. ती तशीच मोरीवर गेली आणि पारूबाईला धरलं.

“कितींदा सांगितलं, भांडं तीन पाण्यानं विसळ म्हणून! निस्तं चकचकीत दिसून काय करायचं? जिभेला साबण लागला का भूक मरती माणसाची. कितीबी चांगलं शिजवा, जीभच न्हाई म्हणती…”

बोलता बोलता ती थांबली. पारूबाई ओल्या हातानं तिच्याकडं बघत राहिली. शिवकन्यानं आपलाच उजवा हात नाकाशी नेला. सकाळी लावलेल्या चंदनाच्या साबणाचा वास अजून बोटांना होता. सापाला नाकापेक्षा जिभेनं जास्त वास कळतो, हे या घरात भिंतींनाही पाठ होतं. आणि पाच आठवडे ती त्या जिभेपुढं काय धरत होती? चंदनाची वडी!

“अगं बाई,” म्हणत ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. “मीच की गं. माझंच भांडं साबणाचं.”

पारूबाईला काही कळलं नाही, पण बोलणी थांबली म्हणून तिनं भांडं चौथ्यांदा विसळलं.

त्या रात्री शेवटचा उंदीर बर्फातून खाली आला. गुरुवारी दिवेलागणीला शिवकन्यानं कागद पुन्हा वाचला, या वेळी अक्षर न् अक्षर. पिशवीत घालून, म्हणजे पिशवीतच. पाणी त्याला लागायचंच नाही. आंघोळ नव्हतीच ती, ऊब होती. दह्यासाठी विरजण लावताना दूध जसं बघतात तसं तिनं पाणी बोटानं बघितलं. पिशवी बंद करून आत ठेवली, पाणी निवलं तसं दोनदा बदललं. स्वतःचे हात नुसत्या पाण्यानं धुतले, साबणाला शिवली नाही. उंदीर हाताला लागला तेव्हा झोपेतून उठलेल्या जिवासारखा उबदार होता. त्याला धुतल्याशिवाय पुढं करायचं तिच्या जिवावर आलं. “तुझी आंघोळ ऱ्हायली रे बाबा,” ती त्याला म्हणाली, “पण त्याला तू असाच पाहिजेस.”

मोठा दिवा मालवला, झिरोचा लावला. चिमटा आत गेला. नवाब आला, जीभ लवलवली, वीतभरावर थांबला. इथंच तो दर वेळी परत फिरायचा. ‘घे की रे’ तिच्या ओठापर्यंत आलं. तेवीस वर्षांचा आग्रह तिनं दातांखाली धरला आणि गप्प राहिली. चिमटासुद्धा अगदी जरासाच हलू दिला.

झेप कधी पडली ते तिला दिसलंच नाही. चिमट्याला हिसका बसला आणि डोळे उघडमीट होईपर्यंत उंदराभोवती तीन वेटोळी पडली होती. शिवकन्यानं चिमटा बाहेर घेतला. मेलेल्याला काय आवळतोय हा वेडा, तिला वाटलं. पण नवाब आपलं काम पुरतं करत होता. आवळून धरून तो थांबला. उंदीर पळणार नव्हता, लढणार नव्हता, तरी नवाबानं एक पायरी गाळली नाही. खात्री झाल्यावर एक एक वेटोळं सैल केलं आणि तो उंदराच्या अंगावरून जीभ फिरवत निघाला. शेपटीपाशी गेला, परत आला, पाठीवरून पुढं, कानापाशी, नाकापाशी. डोकं कुठं आहे ते तो शोधत होता. सापडल्यावर त्यानं तोंड उघडलं आणि डोक्याकडून सुरुवात केली.

एका बाजूचा जबडा पुढं सरके, मग दुसऱ्या बाजूचा. केसांची दिशा, पायांची दिशा, सगळं आपोआप मागं वळत होतं, कुठं अडत नव्हतं. पाय अंगाशी मिटले गेले. घाई नाही, चोचले नाहीत, मध्येच उठणं नाही. चाळीस पोरं एका हातात मोबाईल धरून जेवताना बघायची सवय झालेल्या त्या बाईला वाटलं, आपण आयुष्यात आज पहिल्यांदा कुणाला जेवताना बघतोय. अन्नाला असा मान देणारं दुसरं कुणी तिच्या बघण्यात नव्हतं. शेपटीचं टोक शेवटी ओठातून आत गेलं. नवाबानं मान उंच केली, एक मोठ्ठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला, मग दुसरी. कण सांडला नव्हता. शिवकन्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिनं ती पुसलीही नाही. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं झाली होती.

तिनं तिथूनच फोन लावला.

“आवो! खाल्लं त्यानं! काय सांगू तुम्हाला, लई देखणं खातंय हो ते! एवढी वर्षं मी दार लावून बसले, येडीच की मी. आदी आवळलं, मेलेलं असून आवळलं बघा. मग समदीकडं जीभ फिरवली, डोकं धुंडलं, आन् डोक्याकडून धरलं. आसं सावकाश, येक बाजू मग दुसरी बाजू. वीस मिंटं! मी घड्याळ बघितलं. शेवटाला दोन जांभया दिल्या.”

ग्यानोबा ऐकत होता. “डोक्याकडून?” त्यानं विचारलं.

“डोक्याकडूनच की. शेपटीकडून घेतलं तर पाय आडवे न्हाई का येणार? केसं उलटी…” आणि शिवकन्याला आपणच फोनवर सांगितलेली शेपटी आठवली.

“म्हंजे आज खरंच खाल्लं,” ग्यानोबा हळूच म्हणाला.

“तुम्हाला म्हाईत व्हतं?”

“पहिल्याच दिशी. शेपटी धरली म्हणलीस, दोन मिनिटात गटकलं म्हणलीस. तसं तुझी पोरं खातेत, नवाब न्हाई खात.”

“मग बोलला का न्हाईत? हितं माझा जीव टांगणीला. ते मरंल म्हणून मी झोपले न्हाई.”

“ते चार-चार महिने उपाशी राहतंय, त्याला काय होत न्हाई. हे आदी सांगायला पाहिजे व्हतं, चुकलंच माझं. पण सांगितलं असतं तरी तू त्याला आग्रह करायचं सोडलं असतंस व्हय?” मग म्हणाला, “शिवकन्या, गळ्यात माळ घालणारी बाई तू. मेलेला उंदीर हातात धरायची, वर माझ्याशी खोटं बोलायची, आन् परत पुढच्या आठवड्याला तेच. एवढं तू करून राहिलीस म्हणल्यावर मला काय दहा पावलं टाकाया येत न्हाईत? मी नवाबासाठी उठलो न्हाई. तुझ्या खोट्यासाठी उठलो.”

बाहेर पंगतीची वेळ टळून गेली होती आणि पोरं ताटं वाजवायला लागली होती. “काकू, वाढा की!”

“आन् तुम्ही खरंच चालता का?” तिनं शेवटी विचारलं. “का तेबी माझ्यासारखंच?”

“थांब,” ग्यानोबा म्हणाला.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग फरशीवर वॉकरची टकटक ऐकू आली, आणि मागून पाय ओढल्याचा आवाज. शिवकन्यानं दारातून डोकावणाऱ्या पारूबाईला हातानंच गप्प केलं, फोन कानाशी घट्ट धरला आणि पेटीपुढच्या पाटावर बसून पावलं मोजायला लागली. एक. दोन. तीन.